तांदळातलं नाव

बेस्ट, नेदरलँड्स, ३ मार्च २०२५

जावईबापू ओमकार यांना लतिकाबाईंचा आशीर्वाद. जावयाला तुम्ही म्हणायची रीत आहे, ती एका ओळीत पाळली. पुढे तू म्हणते. मी तुझ्या बायकोची आजी, एकोणऐंशी पुरी केलेली, शाळा तिसरीपर्यंत. जोडाक्षरं चुकतील, मुद्दा चुकणार नाही.

फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिते म्हणशील. फोनवरचं बारीक मला दिसत नाही. आलेलं सगळं चैत्राली वाचून दाखवते आणि माझं उत्तरही तीच टाइप करते. तिच्या नवऱ्याची चौकशी तिच्याच बोटांनी कशी करू? इथला पोस्टमन दुपारी येतो. तेव्हा तुझी सासू पाळणाघरात कामाला असते, चैत्राली ऑफिसात, घरात मी एकटी. बिनघोर लिही.

आता विचारते. लग्नाला वर्ष झालं. पाच महिने ती तुझ्या घरी नांदली. ज्या सोलरच्या कामावर ती तुमच्याकडे आली होती ते संपलं तसं कंपनीनं तिला परत बोलावलं, तेव्हापासून तुम्ही दोघं दोन टोकांना. इथे नवरा आणायचा तर बायकोचा पगार नियमाएवढा हवा, आणि तो पुढचं वर्षभर टिकणारा हवा. लग्न खरं आहे, एकत्र राहिलात हे खरं आहे, याचे कागद हवेत. आणि नवऱ्यानं आधी वकिलातीत जाऊन डच भाषेची परीक्षा पास व्हायला हवी. बाकीचं सगळं तिच्या गळ्यात, परीक्षा एवढी तुझी. ती तू नोव्हेंबरात पुढे ढकललीस, जानेवारीत परत ढकललीस. सेंटर बंद होतं म्हणे. सेंटर काय सारखं सुतकात असतं का?

इकडे ती काय करते ते ऐक. कपाटाची उजवी बाजू रिकामी ठेवलीय. तुझ्या सासूनं, सुचेतानं, तिथे रजया ठेवल्या तर हिनं त्या काढून आईच्या पलंगावर नेऊन टाकल्या. तुझ्यासाठी जुनी सायकल घेतलीय. तिच्यावर कोणी बसत नाही, तरी महिन्याच्या महिन्याला साखळीला तेल देते, घोड्याला खरारा करावा तशी. शेजारचा डच म्हातारा विचारतो, ही कोणाची? ही म्हणते, माझ्या नवऱ्याची. तो बिचारा नवरा कुठे दिसतो का बघतो.

तुला यायचं नसेल तर तसं लिही. मी सायकल विकून टाकीन आणि कपाटात रजया भरीन. यायचं असेल तर परीक्षा का देत नाहीस ते लिही. मधलं काही लिहू नकोस.

लतिकाबाई


बोरजाईवाडी, २५ मार्च २०२५

ती. आजींना ओमकारचा वाकून नमस्कार.

पोस्टमननं पत्र शेतावर आणून दिलं. परदेशी तिकीट बघून तो बांधावरच बसला, म्हणाला, वाच की मोठ्यानं. मी नाही वाचलं.

मधलं लिहू नकोस म्हणालात, म्हणून सरळ लिहितो. परीक्षा मी नोव्हेंबरातच दिली. बोलण्याच्या भागात नापास झालो. कॉम्प्युटरसमोर बसवतात. तो प्रश्न विचारतो आणि आपण माइकमध्ये उत्तर द्यायचं. समोर माणूस नाही. आजी, मला माणसांशी बोलता येतं. सोलरच्या साइटवर पंचवीस जणांकडून मी खांब रोवून घेतलेत. पण त्या पेटीनं विचारलं, तुम्हाला भाऊ किती? मी म्हणालो, इक बेन ओमकार. मी ओमकार आहे. तिनं विचारलं, सकाळी काय खाता? मी म्हणालो, इक बेन ओमकार. त्यापुढचं आठवत नाही.

चैत्रालीला सांगायची लाज वाटली. ती दोन भाषांत विचार करते आणि तिसरीत भांडते. तिला सांगितलं, सेंटर बंद होतं. जानेवारीत तर गेलोच नाही. मेच्या मध्यावर पुन्हा बसतोय. तोवर तिला कळू देऊ नका.

मीही एक विचारू का? हल्ली ती पाच मिनिटांत फोन ठेवते. मागे गाडीचा आवाज असतो, कोणी बाई स्टेशनांची नावं पुकारत असते. तिचं ऑफिस तर आइंडहोव्हनला, सायकलवर जाण्याइतकं. मग रोज ती कुठल्या गाडीत असते? विचारलं तर म्हणते, अरे टीव्ही चालू आहे. तिच्या मनात दुसरं काही असेल तर ते मला तुमच्याकडून कळलेलं बरं.

आपला
ओमकार


बेस्ट, १६ एप्रिल २०२५

ओमकार,

गाढवा. दुसरं काही म्हणजे दुसरा कोणी, असंच ना? लिहायचं होतं तर धड लिहायचं.

चैत्रालीनं मला शपथ घातलीय, ओमकारला तोंडानं एक शब्द सांगायचा नाही. तोंडानं सांगत नाहीये.

तिची आइंडहोव्हनची नोकरी जानेवारीत गेली. कंत्राट संपलं, त्यांनी वाढवलं नाही. तीन आठवडे रोज सकाळी डबा घेऊन निघायची, लायब्ररीत बसून अर्ज करायची आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यासारखी यायची. मग आर्नहेमला एका वीज कंपनीत लागली. डेन बॉसपर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. जाऊन येऊन तीन तास. स्टेशनांची नावं पुकारणारी तुझी बाई ती. पण हे कंत्राट सात महिन्यांचं, आणि सरकार म्हणतं वर्ष हवं. सात महिन्यांच्या कागदावर नवरा येत नाही. तुला सांगितलं तर तू म्हणशील, राहू दे, तूच ये परत. म्हणून गप्प आहे.

आणि फोन पाच मिनिटांत ठेवते, कारण सहाव्या मिनिटाला तिला रडू येतं. मागच्या शेडमध्ये तुझ्या सायकलपाशी जाऊन रडते. मी खिडकीतून बघते आणि भाजी चिरते. रडणाऱ्या माणसाजवळ जाऊन काय करायचं ते मला कधी सुचलं नाही. तिचा बाप गेला तेव्हाही मी स्वयंपाकच केला.

आता तुझं. मी इथे चौदा वर्षांपूर्वी आले तेव्हा पासष्टीच्या पुढच्यांना परीक्षा माफ होती. माझ्यामागे पुढच्याच वर्षी म्हाताऱ्या आईबापांना आणायचं ते दारही बंद झालं. मी भाषा बाजारात शिकले. यांचा ख खोल घशातून येतो. भाकरीचा कोरडा तुकडा अडकला की खाकरतोस, तसा काढ. तो जमला की अर्धी भाषा जमली. आणि समोर माणूस लागतो ना तुला? मग त्या पेटीच्या जागी मी बसलेय असं समज. मी विचारतेय, भाऊ किती? मला सांगशील मी ओमकार म्हणून? कानफटात खाशील.

लतिकाबाई


बोरजाईवाडी, २९ मे २०२५

ती. आजी, नमस्कार.

पास झालो. काल निकाल आला. तुम्हाला पेटीच्या जागी बसवलं आणि घाम फुटला, पण उत्तरं आली. सकाळी काय खाता? भाकरी आणि अंडं. भाऊ किती? एक, तो मुंबईला असतो. ख काढून काढून घसा बसलाय. आई समजली मला सर्दी झाली, काढा देत होती.

आर्नहेमचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. तिला कळू दिलेलं नाही. ती फोनवर म्हणते टीव्ही चालू आहे, मी म्हणतो चांगला कार्यक्रम दिसतोय.

आता एकत्र राहिल्याचे कागद गोळा करतोय. आमच्याकडे भाडेकरार कुठला असणार? घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहिलो आम्ही. पण मी तेव्हाच हुशारी केली होती. लग्न झाल्याबरोबर सगळीकडे तिचं नाव लावून घेतलं. रेशन कार्डावर घातलं. तिला ताप आला होता तेव्हाच्या दवाखान्याच्या केसपेपरवर आहे. बचत गटाच्या वहीत आहे. एक मेला शाळेनं तिला पाहुणी म्हणून बोलावलं होतं, त्या पत्रिकेवर छापलेलं आहे. विम्याला वारस म्हणूनही लावलंय. सगळीकडे एकच, सौ. मृण्मयी ओमकार घोरपडे. लग्नात तुम्हीच मागे उभ्या राहून म्हणाला होतात ना, ताटातल्या तांदळात नवं नाव लिही, चांगलंसं लिही, रीत सोडू नकोस. अंगठीनं लिहिताना मला तो ‘ण्म’ जमत नव्हता. भटजींनी लग्नाच्या दाखल्यात तेच नाव घातलं आणि नोंदणीच्या कारकुनानं दाखल्यावरून तेच उतरवलं. त्यामुळे कुठे फरक म्हणून नाही. सोळा कागद झाले.

मागच्या खोलीच्या खिडकीला तिनं एक दोरी बांधली होती, हात पुसायचं फडकं वाळत घालायला. आई म्हणते काढ ती, उंदीर चढतो. मी काढली नाही. त्याचा कागद होत नाही, नाहीतर सतरा झाले असते.

आपला
ओमकार


बेस्ट, २० जून २०२५

ओमकार,

पास झालास, बरं केलंस. जास्त चढू नकोस.

इकडचं ऐक. गेल्या सोमवारी चैत्राली साहेबाच्या खोलीत गेली आणि म्हणाली, मला माझा नवरा आणायचाय, मला वर्षाच्या वरचं कंत्राट द्या. इथे असंच बोलतात, आडपडदा नसतो. साहेब म्हणाला, इंजिनियरच्या जागेचं जमणार नाही, त्याच्या खालच्या जागेचं दीड वर्षाचं देतो. हिनं तिथेच सही केली. आता ही इंजिनियर पोरगी दुसऱ्यांनी केलेले तक्ते तपासत बसणार. पगार नियमाला पुरून बोटभर उरतो.

मी म्हटलं, ‘मग शिकलीस कशाला एवढं?’

म्हणाली, ‘आजी, वर चढायला आयुष्य पडलंय.’

‘आणि नवऱ्याला काय सांगणार?’

‘बढती मिळाली म्हणून सांगणार.’

तेव्हा ती तुला बढती सांगेल. तू अभिनंदन म्हण. मला मध्ये घेऊ नकोस.

सोळा कागद म्हणजे शाबास. सगळीकडे नवं नाव लावलंस हे वाचून बरं वाटलं. हल्लीची मुलं तांदळात एकदा लिहितात, फोटो काढतात आणि तांदळाचा भात करतात. तू लिहिलेलं पाळलंस.

लतिकाबाई


बोरजाईवाडी, ११ जुलै २०२५

ती. आजी,

घोटाळा झाला. फोनवर तिनं बढती सांगितली, मी अभिनंदन म्हणालो. मग बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, आर्नहेमला पाऊस आहे का?

ती म्हणाली, ‘आजीनं सांगितलं?’ मी म्हणालो, ‘तोंडानं नाही.’ मग मीही नोव्हेंबरचं सांगून टाकलं, इक बेन ओमकारसकट. आधी ती रडली. मग इतकी हसली की डब्यातले लोक बघायला लागले असणार. त्या दिवशी तिनं फोन ठेवलाच नाही, आर्नहेमपासून बेस्टपर्यंत. डेन बॉसला गाडी बदलताना म्हणाली, थांब हं, जिना आहे. मी थांबलो. तिच्या चपलांचा आवाज ऐकत थांबलो.

कागद कुरिअरनं पाठवलेत. अर्ज गेला की कळवा.

आपला
ओमकार


बेस्ट, १८ सप्टेंबर २०२५

ओमकार,

फोनवर तुला अर्धं कळलं असेल. पुरतं लिहिते, कारण यात माझा हात आहे.

अर्ज जुलैत गेला. मागच्या गुरुवारी सरकारी ऑफिसातून पत्र आलं. चैत्रालीनं जेवणाच्या टेबलावर उघडलं, एकदा वाचलं, परत वाचलं आणि आईकडे सरकवलं. सुचेता वाचता वाचता म्हणाली, ‘अगं बाई.’

मी म्हटलं, ‘मराठीत सांगा कोणीतरी.’

चैत्राली म्हणाली, ‘ते विचारतायत, मृण्मयी कोण?’

‘कोण म्हणजे? तू.’

‘हे आपल्याला माहीत आहे, आजी. माझ्या पासपोर्टावर चैत्राली आहे, इथे सगळीकडे चैत्राली आहे. लग्नाच्या नोंदणीत मृण्मयी. रेशन कार्डावर मृण्मयी, दवाखान्यात मृण्मयी, विम्यात मृण्मयी. ते म्हणतात, ओमकार घोरपडे मृण्मयी नावाच्या बाईबरोबर राहत होते असं दिसतं. ती त्यांची पहिली बायको असेल तर घटस्फोटाचा कागद जोडा. आणि चैत्रालीशी लग्न झालं असेल तर त्याचा दाखला पाठवा.’

मला हसू आलं. खरं सांगते, आलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गेलं.

‘सोळा पुरावे पाठवले त्यानं,’ ती म्हणाली, ‘आणि एकेक कागद सांगतो की माझा नवरा दुसरीबरोबर राहतो. आजी, मला नाव होतं ना? तुला कशाला हवं होतं ते बदलायला?’

मी उठून ताटं विसळली. आज सात दिवस झाले, ती माझ्याशी मीठ दे एवढंही बोलत नाही. आम्ही केलेल्या वकीलबाईनं बारा आठवड्यांची मुदत मागून घेतलीय. म्हणते, तिकडच्या नोंदणीत नाव दुरुस्त होतं का ते आधी बघा. उशीर झाला तर हा अर्ज बुडाला. पुन्हा करायचा तर पुन्हा पगाराचे कागद, आणि कंत्राटातले महिने सरत चाललेत. ते वर्षाच्या खाली आलं की तेही उपयोगाचं नाही.

तू नोंदणी कचेरीत जा.

लतिकाबाई


बोरजाईवाडी, ९ ऑक्टोबर २०२५

ती. आजी,

फोनवर कळल्यापासून कचेरीत चार वेळा जाऊन आलो. कारकून म्हणतो, दाखल्यात जे होतं तेच मी उतरवलं, माझी चूक नाही. भटजी म्हणतात, ताटात जे होतं तेच मी दाखल्यात घातलं, माझी चूक नाही. दुरुस्ती होईल, पण राजपत्रात नाव, मग अर्ज, मग वरची मंजुरी, कमीत कमी सहा महिने. तुमच्या वकीलबाईंच्या बारा आठवड्यांत ते बसत नाही.

आजी, रागावू नका, पण आता मीही विचारतो. का? मला चैत्राली हेच नाव आवडत होतं. तुम्ही मागून म्हणालात म्हणून मी लिहिलं. मग पाच महिने त्याच नावानं हाक मारली आणि ते तोंडात बसलं. आता कचेरीत जाऊन ते खोडा म्हणताना वाटतं, त्या पाच महिन्यांवरच काट मारायला सांगतोय. रेशन कार्डाप्रमाणे माझी बायको माझ्या घरात आहे. तिच्या नावचे गहूही येतात. पासपोर्टाप्रमाणे ती तिकडे आहे आणि माझी कोणी नाही. दोन्ही कागद खरे, आणि मी मागच्या खोलीत एकटा.

आपला
ओमकार


बेस्ट, ३० ऑक्टोबर २०२५

ओमकार,

का म्हणून विचारलंस. या प्रश्नाचं उत्तर मी कोणाला दिलेलं नाही. तुला लिहिते, लिहिताना तोंड दिसत नाही म्हणून.

माझ्या आधी आईची तीन पोरं गेली. चौथी मी. ही तरी जगावी म्हणून माझं नाव ठेवलं चिंधी. फाटक्या नावाकडे मरण वळून बघत नाही असं तेव्हा समजायचे. मी जगले, पण अठरा वर्षं ते नाव अंगावर वागवलं. शाळेत फळा पुसायचं फडकं सापडलं नाही की मास्तर म्हणायचा, चिंधी आहे की, तिला पाठवा. पोरं हसायची. तिसरीनंतर मी गेले नाही त्याला आईबाप कारण नव्हते, हे कारण होतं.

लग्नात श्यामकांतचे, म्हणजे तुझ्या सासऱ्याचे वडील ताटापुढे बसले आणि तांदळात लिहिलं, लतिका. मला वाचता येत होतं तेवढं. मी बघतच राहिले. मागून मामी म्हणाली, खाली बघ, नवरी आहेस. त्या माणसानं पुढे चाळीस वर्षांत मला एक लुगडं मनासारखं आणलं नाही. बोलायचा कमी, प्यायचा जास्त. पण ते नाव त्यानं दिलं. म्हणून माझ्या डोक्यात बसलं की नवऱ्यानं बायकोला द्यायची पहिली वस्तू हीच. तुझ्या मागे उभी राहून बोलले ती याच समजुतीनं. माझ्या नातीला आधीच चांगलं नाव आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आता कामाचं. श्यामकांतनं मला इथे आणलं तेव्हा हीच अडचण आली होती. शाळेच्या वहीत चिंधी, पासपोर्टावर लतिका. त्यानं वकिलाकडून शपथेचा कागद करून घेतला, ही आणि ती बाई एकच. इथल्या सरकारनं तो मानला. मी श्यामकांतला बजावलं होतं, घरात कोणाला दाखवायचा नाही. तो चार वर्षांपूर्वी गेला आणि कागद माझ्या पेटीत तळाशी राहिला. चैत्राली बोलत नव्हती तेव्हाही तो मी काढला नाही. दीड महिना काढला नाही, हेही लिहून ठेवते. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी काढला आणि टेबलावर ठेवला.

चैत्रालीनं वाचला. म्हणाली, ‘आजी, ही चिंधी कोण?’

म्हटलं, ‘त्या ऑफिसवाल्यांसारखं विचारू नकोस. मी.’

सुचेता म्हणाली, ‘अहो आई, तीस वर्षांत बोलला नाहीत कधी!’

‘तू विचारलंस कधी?’

चैत्राली हसली नाही. तिनं कागदाची नीट घडी घातली. मग खुर्ची सरकवून माझ्याजवळ आली. मी म्हटलं, ‘चिकटू नकोस. वकीलबाईला फोन लाव.’

वकीलबाईला कागद फार आवडला. म्हणाली, याच घरात, याच रितीनं नाव बदललं आणि सरकारनं एकदा मानलंय, याहून चांगला दाखला कुठला? आता चैत्रालीचा तसाच शपथेचा कागद हवा. भटजीचा आणि सरपंचाचा जबाब हवा, की अशी रीत आहे आणि दोन्ही नावांची मुलगी एकच. लग्नातला ताटाचा फोटो हवा, तांदूळ आणि तिचं तोंड एकत्र दिसेल असा. आणि माझ्या शाळेच्या वहीची नक्कल हवी, नवीन शिक्क्याची. निंबळेवाडीला जा. माझ्या बापाचं नाव बाळा. वहीत नाव वाचून हसलास तर बघ.

लतिकाबाई


बोरजाईवाडी, २८ नोव्हेंबर २०२५

ती. आजी,

सगळं कालच्या कुरिअरनं गेलं. भटजी जबाब द्यायला घाबरत होते, त्यांना वाटलं डच पोलीस येतात. फोटोत ताट आहे, चैत्राली वाकून वाचतेय, आणि मागे तुमचा हात दिसतो, मला खुणावणारा. तोच पाठवला.

निंबळेवाडीला मोटरसायकलवर गेलो. शाळा आता सिमेंटची आहे, वही तीच जुनी. कुमारी चिंधी बाळा, इयत्ता तिसरी, पुढे शेरा आहे, येत नाही. हसलो नाही.

बाहेर पारावर एक म्हातारी बसली होती, हौसाबाई. तिनं विचारलं, कोणाची चौकशी करतोस? मी सांगितलं. ती म्हणाली, ‘चिंधी? आहे का अजून?’ म्हटलं, आहे, परदेशात असते. तिला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाली, ‘तिला म्हणावं, लग्नाला जाताना माझा कंगवा नेलास तो अजून आला नाही.’ मग विचारलं, ‘केस आहेत का तिला?’ मी म्हटलं, आहेत. ‘मला राहिले नाहीत,’ म्हणाली. ‘ठेव म्हणावं कंगवा.’ मी गाडी सुरू केली तरी ती हात वर करून बसली होती. तुम्हाला केला असेल असं समजून कळवतो.

आपला
ओमकार


बेस्ट, ९ फेब्रुवारी २०२६

ओमकार,

मंजुरी आली हे तुला फोनवर कळलंच. मी इथली हकिकत लिहिते. चैत्राली कामावर होती, पत्र दुपारी माझ्याच हातात आलं. लिफाफा सरकारी. मी तो उघडला नाही. टेबलावर ठेवला, समोर बसले आणि चार तास त्याच्याकडे बघितलं. ती आली, बूट न काढता वाचलं, आणि खाली फरशीवर बसली. मला वाटलं गेलं. म्हणाली, ‘आजी, येतोय तो.’ मी म्हटलं, ‘मग उठ, फरशी गार आहे.’

हौसा खोटारडी आहे. कंगवा तिचा नव्हता, माझा होता. तिचे केस माझ्यापेक्षा लांब होते, एवढं खरं.

चैत्रालीनं आर्नहेमला दोन खोल्यांचं घर घेतलंय. इथल्या नगरपालिकेत तुमची दोघांची नावं एका पत्त्यावर लागली पाहिजेत, आणि तिचे गाडीतले तीन तासही वाचतील. मला म्हणाली, तूही चल. मी म्हटलं, एकत्र राहिल्याचा पुरावा तुम्हा दोघांचा हवाय, म्हातारी मध्ये आली तर परत पत्र येईल, ही तिसरी कोण म्हणून. सुचेता आणि मी इथे आहोत. तिच्या खोलीतलं कपाट नेणार नाही म्हणाली, तिकडे दुसरं आहे, हे इथेच राहू दे. ठीक आहे. त्यात काय ठेवायचं ते मी बघेन.

तुझं तिकीट चार मार्चचं. थंडी अजून असेल. कानटोपी आण, इथल्या महाग आणि कानाला पुरत नाहीत. तिला हाक कुठल्या नावानं मारायची ते तुम्ही दोघं ठरवा. मी या विषयात परत तोंड घालणार नाही.

एक काम सांगते. मला तिकडून लिहिणारं आता कोणी उरलेलं नाही. होते ते गेले, आहेत ते फोनवर फुलांची चित्रं पाठवतात. गेलं वर्षभर दुपारी दाराच्या फटीतून पत्र पडल्याचा आवाज आला की मी उठायचे. बहुतेक वेळा विजेचं बिल असायचं, तरी उठायचे. आता तू येणार म्हणजे ते संपलं. ते बरंच झालं. त्यासाठीच तर सगळं केलं.

पण तू दिवसाभरात इथे पोचशील आणि पत्राला वीस दिवस लागतात. निघशील त्या सकाळी स्टँडवरच्या पेटीत एक पत्र टाक, माझ्या नावावर. काय लिहायचं ते तू बघ. आज शेताला पाणी दिलं, एवढं लिहिलंस तरी चालेल. तू येऊन, जेवूनखाऊन, आर्नहेमला राहायलाही गेलेला असशील, त्यानंतर ते पडेल. चैत्रालीला बोलू नकोस. आणि भेटल्यावर मला विचारू नकोस, आजी मिळालं का म्हणून.

लतिकाबाई